गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो? आधी सेकंद मोजा

थंडी पडली की गॅस गिझरच्या तक्रारी सुरू होतात आणि त्यांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी म्हणजे ‘पेटतो, पण टिकत नाही’. टकटक आवाज येतो, भप्प करून ज्योत लागते, कोमट पाणी यायला लागतं आणि तेवढ्यात पुन्हा गार. डोक्याला साबण लावलेला माणूस आतून ओरडतो, बाहेरचा जाऊन सेल काढून पुन्हा बसवतो, परत तेच. मग मेकॅनिक येतो आणि झाकण उघडायच्या आधीच सांगतो, ‘सर्किट गेलंय.’

सर्किट जातं, नाही असं नाही. पण संशयितांच्या यादीत त्याचा नंबर बराच खाली लागतो. ज्योत लागून विझली याचा अर्थ ठिणगी पडतेय, गॅस येतोय, पाणीही येतंय. नंतर कुणीतरी गॅस तोडला आहे आणि बहुतेक वेळा हा ‘कुणीतरी’ म्हणजे गिझरमधलीच एखादी सुरक्षेची सोय असते. कोणती, ते ओळखायला हत्यारं लागत नाहीत. ज्योत लागल्यापासून विझेपर्यंत किती वेळ गेला आणि त्या क्षणी घरात दुसरं काय चालू होतं, एवढ्या दोन गोष्टी नीट बघितल्या तरी काम अर्ध्यावर येतं. म्हणून सेल बदलण्याआधी, नॉब फिरवण्याआधी मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि तीन वेळा मोजा. दोन प्रयत्नांच्या मध्ये नळ बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. घाईघाईने पुन्हापुन्हा पेटवायला गेलं तर न जळलेला गॅस आत साठतो आणि पुढच्या ठिणगीला मोठा भडका होतो.

त्याआधी एक अट

गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि आंघोळीच्या वेळी दार-खिडकी बंद राहत असेल, तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा. तो आधी बाहेर न्या. ड्राय बाल्कनीत, मोकळ्या पॅसेजमध्ये, जिथे वारा खेळतो तिथे.

यामागचा हिशोब साधा आहे. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ताकदीने चालला तर तासाला साधारण 900 ग्रॅम ते 1 किलो एलपीजी जाळतो. तेवढा गॅस जाळायला तासाला 11-13 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासात सगळी हवा संपेल, पण घात त्याच्या खूप आधी होतो. ऑक्सिजन कमी होऊ लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. एलपीजीला मुद्दाम वास मिसळलेला असतो, इथे तसली काही सूचना मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात आणि दाराच्या कडीपर्यंत पोचायचं बळ राहत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात, त्यामुळे जास्त सांगत नाही.

बंद बाथरूममधला गिझर आठ-दहा मिनिटांनी आपोआप विझत असेल, तर तो विझून तुमच्यावर उपकार करतोय असं समजा. हवा कमी पडल्याने ज्योत सुटत असेल, किंवा काही मॉडेलांत ऑक्सिजन कमी झाल्यावर गॅस तोडणारा सेन्सर असतो, तो काम करत असेल. तिथे ‘टिकवायचा’ प्रयत्न करू नका.

आत काय, कोणत्या क्रमाने घडतं

गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी गिझरच्या खालच्या पितळी व्हॉल्व्हमधून जातं. त्यात एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या दाबाने तो फुगतो आणि एक पिन पुढे ढकलतो. ही पिन एकाच वेळी गॅसचा रस्ता यांत्रिक रीतीने उघडते आणि एक मायक्रोस्विच चालू करते. स्विच लागला की दोन मोठ्या सेलची 3 व्होल्ट वीज सर्किटला मिळते. सर्किट ठिणग्या पाडतं आणि सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा दुसरा गॅस व्हॉल्व्ह उघडतं. बर्नर पेटतो.

मग सर्किट विचारतं, खरंच पेटला का? त्याला डोळे नाहीत. बर्नरच्या वर ज्योतीत शिरलेली एक बारीक धातूची कांडी असते, तो फ्लेम सेन्सर. ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी लागेल इतकी वीज वाहू शकते. कांडीतून ती मिळाली की सर्किट म्हणतं, ज्योत आहे. काही सेकंदांत मिळाली नाही तर सोलेनॉइड सोडून देतं आणि गॅस बंद.

शिवाय तांब्याच्या नळ्यांवर, म्हणजे हीट एक्स्चेंजरवर, एक छोटं गोल थर्मोस्टॅट असतं. पाणी फार तापलं की ते सर्किट तोडतं. आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलांत 20 मिनिटांनी आपोआप बंद होण्याचा टायमरही असतो. तुमचा गिझर दर वेळी बरोबर विसाव्या मिनिटाला विझत असेल तर त्याला काहीही झालेलं नाही. नळ बंद करून पुन्हा सोडा आणि आंघोळ जरा आवरती घ्या.

पाच-दहा सेकंदांत विझतो

सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच, आणि बऱ्याच वेळा घरच्या घरी सुटणाराही.

पहिला संशय सेलवर. ‘टकटक जोरात येतंय, म्हणजे सेल चांगले आहेत’ हा समज चुकीचा आहे. ठिणगी पडायला पुरेल एवढा जीव सेलमध्ये असतो, पण ठिणगी पाडणं आणि सोलेनॉइड खेचून धरणं ही दोन्ही कामं एकदम आली की व्होल्टेज बसतं आणि सोलेनॉइड सुटतो. घरात मल्टिमीटर असेल तर नव्या सेलवर दीड व्होल्ट किंवा किंचित जास्त दिसेल. एकेका सेलवर 1.3 च्या खाली दिसलं तर तो घड्याळात घाला, गिझरसाठी तो संपला. (हो, मोठा सेल घड्याळात बसत नाही. टॉर्चमध्ये घाला.) दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका. अल्कलाइन घेतलेले बरे. रिचार्जेबल सेल मात्र इथे चालत नाहीत. त्यांचं व्होल्टेजच 1.2 असतं, दोन मिळून 2.4, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच अर्धपोटी.

सेल काढलेच आहेत तर डब्यातली स्प्रिंग आणि पत्री बघा. गिझर बाल्कनीत असतो, पावसाळ्यात दमट हवा लागते आणि सेल गळून हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासून काढा, स्प्रिंग ओढून थोडी ताणून द्या. नवे सेल घालूनही काही फरक पडला नाही असं म्हणणाऱ्या घरांत कितीदा तरी ही पत्रीच गंजलेली निघते.

सेल ठीक असतील तर आता कान द्या. ज्योत लागल्यावर टकटक थांबते की चालूच राहते? बहुतेक मॉडेलांत ज्योत ‘दिसेपर्यंत’ सर्किट ठिणग्या पाडत राहतं. पुढच्या फटीतून निळी ज्योत स्पष्ट दिसतेय, तरी टकटक चालू आहे आणि पाच-सात सेकंदांनी सगळं एकदम बंद, असं असेल तर सर्किटला ज्योत जाणवतच नाही. दोष सेन्सरकडे. उलट टकटक लगेच थांबली, ज्योत शांत जळली आणि मग ती आक्रसत, फडफडत गेली, तर सेन्सरला सोडा, गॅस कमी पडतोय. या एका फरकावर पुढची सगळी दिशा ठरते.

सेन्सर साफ करण्याची पद्धत अशी. गिझर वॉरंटीत असेल तर झाकण स्वतः उघडू नका, कंपनीचा माणूस बोलवा. वॉरंटी संपली असेल तर गॅसचा कॉक बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, सेल काढा आणि गिझर पूर्ण गार होऊ द्या. समोरचे नॉब सरळ ओढले की निघतात. झाकणाचे स्क्रू बहुधा वर दोन आणि खाली दोन असतात. झाकण झटक्यात ओढू नका, तापमानाचा आकडा दाखवणाऱ्या डिस्प्लेची वायर त्याला जोडलेली असते. ती सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

बर्नरच्या वर पांढऱ्या चिनी मातीच्या पायात बसवलेल्या दोन किंवा तीन कांड्या दिसतील. ठिणगीच्या कांडीला जाड आवरणाची वायर असते आणि तिचं टोक बर्नरच्या पत्र्याजवळ तीन-पाच मिलिमीटरवर असतं. सेन्सरच्या कांडीची वायर बारीक असते. तिच्यावर काळा किंवा करडा थर बसलेला असतो, बोटाला खरखरीत लागतो. शून्य नंबरचा पॉलिश पेपर दोन बोटांत धरून कांडीवरून चार-पाच वेळा ओढा, धातू चमकू लागला की पुरे, मग कोरड्या फडक्याने पुसा. कांडी वाकवू नका. ती ज्योतीत नेमकी किती शिरते यावरच सगळं अवलंबून आहे. चिनी मातीला बारीक तडा गेलेला दिसला तर साफसफाईने भागणार नाही, कांडी बदलावी लागते. ती महाग नसते.

कांडीच्या मागची वायर हलकेच ओढून बघा. क्लिप सैल झालेली असते, कधी हातातच येते. आणि सर्किटमधून निघून गिझरच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली एक वायर असते, ती अर्थची. ज्योतीतून आलेली वीज बर्नर आणि पत्र्यामार्फत तिच्यावाटेच सर्किटकडे परतते. तो स्क्रू गंजला किंवा ढिला झाला की सेन्सर कितीही चकचकीत असला तरी सर्किट आंधळंच. मेकॅनिकसुद्धा हा स्क्रू विसरतात.

झाकण उघडलंच आहे तर बर्नरच्या खालच्या बाजूच्या तोंडांत टॉर्च मारा. तिथून गॅसबरोबर हवा आत खेचली जाते. उन्हाळाभर गिझर बंद राहिला की कोळ्यांना ही जागा फार आवडते. बाल्कनीतल्या गिझरमध्ये कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घरटंही सापडतं, अंगठ्याएवढं, एका तोंडावर पक्कं लिंपलेलं. जाळं मऊ ब्रशने निघतं. माती मात्र खरवडताना गॅसच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोंडात, पडू देऊ नका. जेटच्या भोकात सुई, पिन, तार काहीही घालायचं नाही. भोक जरा मोठं झालं तरी ज्योतीचं गणित बदलतं.

पाणी कमीजास्त झालं की विझतो

हा प्रकार सेकंदांत मोजता येत नाही. कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला की विझतो, शॉवर लावला की विझतो, बादलीत मात्र छान चालतो. हा गॅसचा आजार नाही. डायफ्रामला दाब कमी पडला की पिन मागे येते आणि गॅस बंद होतो.

बहुतेक घरगुती गिझरना 0.2 ते 0.25 बार दाब आणि मिनिटाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं. नेमका आकडा गिझरच्या पत्रकात बघा. 10 मीटर उंचीच्या पाण्याने साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे 0.25 बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरपेक्षा अडीच मीटर वर हवी. आता सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या. गिझर फरशीपासून पाच फुटांवर, छत दहा फुटांवर, त्यावर दोन-तीन फुटांच्या ओट्यावर टाकी. उंचीचा फरक येतो सात-आठ फूट, म्हणजे 2.1 ते 2.4 मीटर. अगदी काठावर. पहाटे टाकी भरलेली असताना गिझर चालतो आणि आठनंतर सगळी इमारत आंघोळी उरकत असताना, टाकी उतरल्यावर विझायला लागतो. खालच्या मजल्यावरच्या लोकांना ही तक्रार कळतच नाही.

पाणी किती येतं ते मोजायला एक लिटरचं माप आणि घड्याळ पुरेसं आहे. गॅस बंद करा, सेल काढा, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. एक लिटर भरायला 24 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाणी मिनिटाला अडीच लिटरपेक्षा कमी येतंय. हीच चाचणी शॉवर लावून आणि घरातला दुसरा एखादा नळ सोडून करा.

पाणी कमी आहे असं ठरलं तर आधी स्वस्तातले उपाय. गिझरला गार पाणी जिथून आत जातं तिथल्या नटमध्ये एक बारीक जाळी असते. त्याआधीच्या पाइपवरचा नळ (अँगल कॉक) बंद करून नट सोडा, जाळी काढा, टूथब्रशने धुवा. टाकी धुतल्यानंतर दोन दिवसांनी गिझर विझायला लागला असेल तर गाळ हमखास या जाळीतच अडकलेला सापडतो. मग शॉवर. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत शॉवरची निम्मी भोकं क्षारांनी बुजलेली असतात. शॉवर काढून लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा, भोकं बोटाने चोळा. पाणी वाचवणारे, बारीक भोकांचे शॉवर या गिझरना मुळातच मानवत नाहीत.

एवढं करूनही भागलं नाही तर डायफ्राम बघावा लागतो. रबर कडक होतं, त्याला बारीक भोक पडतं, मग पाणी पुरेसं असूनही पिन पूर्ण पुढे जात नाही. रबर स्वस्त असतं, पण ते बदलताना गॅस आणि पाणी यांमधला जोड सुटतो. हे काम मेकॅनिकचं.

आणि आता मिक्सर. गरम-गार एकत्र करणाऱ्या मिक्सरमुळे किती गिझर विनाकारण दुरुस्तीला जातात! पाणी जास्त गरम वाटलं म्हणून आपण गार पाणी सोडतो. गार पाण्याचा दाब जास्त असतो, तो मिक्सरच्या आत गरम पाण्याला मागे रेटतो. गिझरमधून वाहणारं पाणी कमी होतं आणि ते जास्तच तापतं, म्हणून आपण आणखी गार सोडतो. शेवटी गिझर विझतो, कधी पाणी कमी पडल्याने, कधी थर्मोस्टॅट तापल्याने. गॅस गिझरवर गार पाणी मिसळायचं नाही, उष्णता गिझरवरच कमी करायची. त्यासाठीच तर समोर गॅसचा नॉब आणि उन्हाळा-हिवाळा असा नॉब दिलेला असतो. गिझरवरचा पाण्याचा नॉब ‘कमी’कडे नेला की पाणी जास्त तापतं, हेही बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

प्रेशर पंप बसवला असेल आणि तो सतत चालू-बंद होत असेल तर गिझरही त्याच तालावर पेटतो-विझतो. तिथे गिझरच्या मेकॅनिकला बोलावून उपयोग नाही, पंपवाल्याला बोलवा.

काही मिनिटं नीट चालतो आणि मग विझतो

इथे तीन वेगळी कारणं आहेत. ओळखायला विझण्याच्या क्षणी पाणी किती गरम होतं ते आठवा.

पाणी कढत येत होतं आणि विझला, तर थर्मोस्टॅटने तोडलं. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच चाळिशी गाठतं. त्यात नॉब ‘हिवाळा’वर राहिलेला असेल तर दुसरं काय होणार? नॉब उन्हाळ्यावर करा, गॅस किमान ठेवा, पाणी वाढवा. हिवाळ्यातही असं होत असेल तर तांब्याच्या नळीत क्षार बसून पाण्याची वाट अरुंद झालेली असू शकते. लक्षण म्हणजे पाणी तापताना केटलीसारखा खुळखुळ आवाज. नळीतले क्षार आम्लाने धुऊन काढावे लागतात, ते सर्व्हिसवाल्याकडून करून घ्या.

पाणी हळूहळू कोमट होत गेलं आणि मग विझला, तर गॅस पुरत नाही. सिलिंडरला हात लावून बघा. खालचा भाग बर्फासारखा गार, बाहेरून दवाने ओला असेल तर कारण तेच. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूच्या हवेतून घेतो. गिझर शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरांएवढा गॅस एकटा ओढतो. वाफ तेवढ्या वेगाने होत नाही, सिलिंडर गार पडत जातो आणि दाब उतरतो. सिलिंडर संपत आला असेल तर त्रास जास्त, कारण मिश्रणातला प्रोपेन आधी उडून गेलेला असतो आणि मागे राहिलेला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. निफाड-नाशिककडच्या पहाटेच्या थंडीत त्याची वाफ होता होत नाही. शेगडीवर चहा उकळतोय म्हणजे गॅस आहे, हा पुरावा इथे चालत नाही. शेगडीला थोडाच गॅस लागतो.

अशा वेळी सिलिंडर आडवा करणं, हलवणं, उकळत्या पाण्यात ठेवणं हे प्रकार घराघरांत चालतात आणि ते सगळे धोक्याचे आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो. सिलिंडर उभाच ठेवा, गिझर चालू असताना शेगडी बंद ठेवून फरक पडतो का बघा, आंघोळींच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि संपत आलेला सिलिंडर शेगडीला लावून भरलेला गिझरला लावा. रेग्युलेटरपासून गिझरपर्यंतची नळी कुठे मुडपली आहे का, तेही बघा. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नको. लांबचं अंतर तांब्याच्या किंवा लोखंडी पाइपने जोडायचं असतं.

पाइप गॅस नुकताच आला असेल तर वेगळा प्रश्न. सिलिंडरचा गॅस उपकरणाला साधारण 30 मिलिबारवर मिळतो, पाइपमधला नैसर्गिक वायू 21 वर, आणि त्याची उष्णताही घनफळाच्या मानाने कमी. म्हणून त्याची जेटं मोठी असतात. एलपीजीचा गिझर तसाच पाइप गॅसला जोडला तर ज्योत मरतुकडी लागते आणि टिकत नाही. उलट पाइप गॅसचा गिझर सिलिंडरला जोडला तर भली मोठी पिवळी ज्योत आणि ढीगभर काजळी. गाव बदलताना लोक गिझर बरोबर नेतात आणि नेमके इथे फसतात. जेटं बदलून मिळत असतील तर कंपनीकडून बदलून घ्या, नाहीतर त्या गॅसचा गिझर घ्या.

तिसरं कारण काजळी. फटीतून ज्योत निळी न दिसता पिवळी, लांबट दिसते, वरच्या पत्र्यावर काळे डाग आहेत, जवळ गेल्यावर डोळे चुरचुरतात. तांब्याच्या नळ्यांवरच्या पातळ पट्ट्यांमध्ये काजळी भरून धुराची वाट बुजली आहे. ज्योतीला हवा मिळत नाही म्हणून ती विझते आणि विझेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड ओकत असते. असा गिझर मोकळ्या बाल्कनीत असला तरी साफ होईपर्यंत वापरू नका.

कधीही, कसाही विझतो

वेळेचा काहीच मेळ बसत नसेल तर बाहेर बघा. ड्राय बाल्कनीत वाऱ्याचा झोत थेट गिझरवर येतो, पावसाळी वाऱ्यात तर धुराच्या तोंडातून उलटा आत शिरतो. ज्योत क्षणभर सेन्सरपासून बाजूला गेली तरी सर्किटला पुरतं. गिझर भिंतीच्या आडोशाला सरकवा. मात्र पावसासाठी बाल्कनीला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावून घेतलंत तर तीच बंद बाथरूम पुन्हा तयार होते. शेजारी जोरदार एक्झॉस्ट फॅन असेल तर तो गिझरचा धूर उलटा खेचतो. गिझर चालू असताना तो फॅन बंद करून बघा.

वारा नसेल तर एखादा सैल जोड. गिझर चालू असताना झाकणावर हलकी थाप मारल्यावर विझत असेल तर सेलचा डबा, मायक्रोस्विच किंवा सोलेनॉइडच्या क्लिपा बघायला सांगा. आता कुठे सर्किटचा नंबर येतो. सेल नवे, पत्री स्वच्छ, सेन्सर साफ, अर्थ पक्की, पाणी पुरेसं, गॅस पुरेसा, आणि तरीही विझतो, तेव्हा बदलायचं. बदललेलं सर्किट तुमच्याच मॉडेलचं आहे ना, ते विचारा.

मेकॅनिक आल्यावर

‘विझतो’ एवढंच सांगू नका. ‘सहा सेकंदांनी विझतो, ज्योत लागल्यावरही टकटक चालू राहते, सेल कालच बदललेत’ असं सांगितलंत तर तो सरळ सेन्सरकडे जाईल आणि उगाच सर्किट खपवायच्या भानगडीत पडणार नाही.

एका वाक्याला मात्र ठाम नकार द्या: ‘थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे सुरक्षेचा तो गोल तुकडा वगळून दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. गिझर त्यानंतर विझत नाही हे खरं, पण पाण्याची वाफ होईपर्यंत तापला तरी विझत नाही. आधीच्या कुणी असं करून ठेवलंय का, तेही झाकण उघडलं असताना बघा. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर तेच ते.

गॅसचा कुठलाही जोड सुटला असेल तर पैसे देण्याआधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते समोर करून घ्या. काडी पेटवून तपासणाऱ्याला तिथेच थांबवा. गॅसचा वास येत असेल तर विजेचं कुठलंही बटण चालू-बंद न करता कॉक आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 या क्रमांकावर फोन करा. तो एलपीजी गळतीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. पाइप गॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन क्रमांक लावा.

मग गिझर हिवाळ्याच्या नॉबवर दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा. मध्ये स्वयंपाकघरातला नळ सोडा, शेगडी पेटवा, म्हणजे रोजच्या सकाळसारखी परिस्थिती होईल. शेवटी गरम पाण्याचा नळ बंद करा. ज्योत त्याच क्षणी गेली पाहिजे. नळ बंद असूनही बर्नर पेटताच राहिला तर डायफ्रामची पिन पुढेच अडकली आहे. हा दोष विझण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण साचलेलं पाणी नळीतच उकळू लागतं. लगेच गॅसचा कॉक बंद करा, मग नळ सोडून कढत पाणी अंगावर न घेता वाहू द्या, आणि तो व्हॉल्व्ह बदलेपर्यंत आंघोळीचं पाणी शेगडीवर तापवा.